दोन शक्यता

आमच्या परराष्ट्रकाकांना चहा घेणार का म्हणून विचारलं, तरी ते आधी "दोन शक्यता आहेत" म्हणायचे. चहा आत्ता टाकणार असाल तर घेतो, मघाचाच गरम करणार असाल तर राहू दे. माझी बायको वैतागायची. म्हणायची, "अहो, हा माणूस अंतरपाट धरल्यावर काय म्हणाला असता हो?" काकांनी लग्न केलंच नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला होता. सरळ 'हो' या माणसाच्या तोंडून इतक्या वर्षांत मी दोनदाच ऐकलं. त्यातलं पहिलं ऐकायला मिळालं नसतं तर फार बरं झालं असतं.

मुंबईतल्या एका कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवण्यात त्यांची हयात गेली. सरकारी समित्यांवर बसले, वर्तमानपत्रांत लिहिलं, परदेशांत चर्चासत्रांना जाऊन आले. निवृत्त झाल्यावर आईच्या माहेरची बोर्ली पंचतनची वाडी त्यांच्या वाट्याला आली, तिथे येऊन राहिले. नारळ-सुपारीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण कुठला देश कुणावर का रुसलाय आणि त्याची समजूत कोण काढतंय, हे विचारावं तर त्यांनाच. गावाने बारसं करून टाकलं, परराष्ट्रकाका. खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक.

माझं बाजारात हार्डवेअरचं दुकान. काका पहिल्यांदा आले ते नकाशा टांगायला खिळे न्यायला. दुसऱ्या दिवशी नकाशाच घेऊन हजर. घराच्या भिंतीला ओल आहे, जगाला बुरशी धरायला लागली, म्हणाले. मी मागच्या गोडाऊनमध्ये रंगाच्या डब्यांच्या वर जागा करून दिली. आधी नकाशा आला, त्याच्यामागून काका आले, आणि काकांच्या मागून रविवारची बैठक आली. दुपारी बाजार उठला की आम्ही चार डोकी रंगाच्या रिकाम्या बादल्या उलट्या करून बसायचो. डिझेलचे भाव, कांद्याची निर्यातबंदी, शेजारच्या देशातला सत्तापालट, आपल्याच किनाऱ्यावर येऊ घातलेलं बंदर, वर्ज्य असं काही नव्हतं.

बैठकीचा नियम एकच, आणि तो काकांचा. कुणाच्या विरोधात बोलायचं असेल तर आधी त्याची बाजू मांडायची. नुसती मांडून भागत नसे. "नीट मांडली का?" असं समोरच्याला विचारायचं, आणि त्याने मान डोलावली तरच आपलं म्हणणं सुरू करायचं. समोरचा हजर नसेल तर त्याच्या वतीने काका मान डोलवायचे, आणि ती मान सहजासहजी डोलत नसे. कुवेतला उमर घालवून परतलेले हसनभाई एकदा एका बड्या देशाच्या नावाने बोटं मोडत आले. काकांनी त्यांना त्याच देशाची वकिली करायला लावली. हसनभाईंनी घाम पुसत पुसत ती केली, आणि शेवटी खाली बसून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, माझा राग कुठे ठेवलात तुम्ही?"

शेजारी देशाची बाजू मांडायची पाळी एकदा माझ्यावर आली. ते कुणीतरी बाहेरून ऐकलं आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की हार्डवेअरवाल्याच्या गोडाऊनमध्ये देशद्रोही बसतात. माझं डोकंच फिरलं. दुकान तसंच टाकून मी त्या शहाण्याच्या घरी निघालो होतो, काकांनी हाताला धरून बसवलं. "अरे, बाजू मांडणं म्हणजे बाजू घेणं नव्हे, हे त्याला कुणी शिकवलंच नाही. पुढच्या रविवारी बोलाव त्याला." मी बोलावलं. तो काही आला नाही.

मुंबईच्या एका वाहिनीलाही ते झेपले नाहीत. काका तज्ज्ञ म्हणून माझ्या गोडाऊनमधून फोनवर दिसायचे, मागे नायलॉनच्या दोराची वेटोळी. एकदा निवेदक ओरडत होता, "सर, युद्ध होणार की नाही, एका शब्दात सांगा." काका शांतपणे म्हणाले, "दोन शक्यता आहेत." पहिली सांगून होईपर्यंत त्यांना पडद्यावरून काढलं होतं. पुन्हा बोलावणं आलं नाही. मला वाईट वाटलं, तर मलाच समजावत होते, "त्यांना निकाल हवा असतो रे. मला अजून खटलाच पुरता समजलेला नाही."

आमच्यातलं चौथं डोकं म्हणजे सुगंधाबाई. भरडखोलची कोळीण, माझ्या दुकानाच्या पायरीवर सुकी मासळी विकायची. नवरा फार आधी गेलेला, मुलगा निलेश एकुलता एक. ती आत आली ती उन्हाला कंटाळून, आणि मग उठलीच नाही. पर्ससीनवाल्यांचा विषय निघाला त्या दिवशी तिचा आवाज बाजारभर गेला. मोठाली जाळी टाकून सगळी मासळी उपसून नेतात, आमच्या होड्यांना शेपूट मिळत नाही. काका म्हणाले, "आधी त्यांची बाजू मांड." ती कमरेला पदर खोचून उभी राहिली. "त्या मेल्यांची बाजू मी मांडू?" आणि तरातरा निघून गेली. आम्हाला वाटलं, संपलं. पुढच्या रविवारी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "त्यांच्या बोटीवर बी खलाशी हायत. त्यांच्या घरी बी पोरं वाट बघतात. बोट बांधून ठेवली तर ती पोरं खानार काय? नीट मांडली का?" काकांनी लगेच मान डोलावली. मग तिने त्या पर्ससीनवाल्यांची जी सालटी काढली, ती हसनभाईंना अजून तोंडपाठ आहे. तेव्हापासून दर रविवारी निवडक बोंबलांची एक पुडी काकांसाठी यायला लागली. काका ती छातीशी धरून घरी न्यायचे.

निलेश शिपवर होता, इंजिनरूममध्ये ऑइलर. सुट्टीवर आला की बैठकीला डोकवायचा, नकाशावर बोट ठेवून आपण कुठून कुठे गेलो ते दाखवायचा. काकांना त्याचं फार अप्रूप. "मी ज्या सामुद्रधुनीवर व्याख्यानं दिली, तिथलं पाणी हा रोज बघतो," म्हणायचे. गेल्या खेपेला आला तेव्हा त्याचं लग्न ठरलं होतं. घराला रंग द्यायचा म्हणून माझ्याकडचं शेडकार्ड घेऊन तो आणि त्याची आई तासभर भांडले, आणि शेवटी पोपटी रंग ठरला. डबे त्याने बाजूला काढून ठेवायला सांगितले. "हा एक कॉन्ट्रॅक्ट करून येतो, मग आल्यावर मीच मारनार रंग," म्हणाला.

त्याच सुमाराला आखातात वातावरण तापलं. बैठकीत दुसरा विषय नव्हता. शिपवरच्या नोकऱ्या लावून देणाऱ्या एजंटने निलेशला सांगितलं की शिप तिथूनच जाणार आहे, जायचं नसेल तर पुन्हा नाव लावायला येऊ नकोस. त्या रविवारी सुगंधाबाई आली ती थेट काकांसमोर उभी राहिली. निलेश मागे दाराशी. "काका, तुमी सांगा. पाठवू का?"

"दोन शक्यता आहेत," काकांनी सुरुवात केली.

"मला दोन नको," ती म्हणाली. "दोन घेऊन मी रातभर काय करू? मला एक सांगा."

काका नकाशाकडे वळले. मग वळून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो. पाठव. व्यापारी जहाजाला हात लावणं कुणालाच परवडणारं नाही. आयुष्यभर हेच बघत आलोय. काही होणार नाही." सुगंधाबाईच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं आम्हाला डोळ्यांनी दिसलं. निलेश हसला. हसनभाईंनी दुवा दिली. मी सगळ्यांना चहा सांगितला, आणि काकांनी तो ताजा की मघाचा हे न विचारता घेतला.

शिपवर हल्ला झाला तो पाण्यालगत, इंजिनरूमच्या बाजूला. निलेश पाळीवर होता. बाकीचे वाचले. एजंटचा माणूस भरडखोलला येऊन सांगून गेला आणि सुगंधाबाईने त्याला पाणी विचारलं, एवढं मला शेजारणीकडून कळलं. शरीर मिळालंच नाही. दर्भाचा पुतळा करून सगळं करावं लागलं. मी ते उभं राहून पाहिलं, आणि आजही त्याचा विचार आला की मला राग येतो. कुणाचा येतो ते मात्र नेमकं सांगता येत नाही. ज्याने ते क्षेपणास्त्र सोडलं त्याला आमची भरडखोल कुठे आहे हेसुद्धा माहीत नसेल.

काकांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं. मी आणि हसनभाई गेलो, तर ओटीवर बसले होते, दाढी वाढलेली, समोर वर्तमानपत्रांची न उघडलेली चळत. गावात लोक बोलायला लागले होते की काकांनीच पोराला पाठवलं. हसनभाई म्हणाले, "नसीब होतं, प्रोफेसरसाहेब. तुम्ही काय करणार?" काकांनी मान हलवली. "नशीब नाही. ती बाई दर रविवारी माझ्यासाठी बोंबील निवडून आणते. तिला शक्यता देऊन घरी पाठवायला मला जड गेलं. तिला बरं वाटावं म्हणून मी बोललो. मला काही माहीत नव्हतं, हसनभाई." एवढं बोलून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

तेराव्यानंतरच्या रविवारी ते बैठकीला आले. सुगंधाबाई येणार हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. ती आली, आपल्या जागेवर बसली. काका उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "सुगंधा, माझं..."

"थांबा," ती म्हणाली. "नियम काय हाय? आधी दुसऱ्याची बाजू." आणि खाली बघत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिने मांडली. "काका दोनच देत होते. एक मी मागितली. पोरगा बी ऐकनारा नव्हता, त्याला लग्नाची घाई होती. काकांनी काय बाँब टाकला न्हाय. काकांना माझ्या पोराची माया होती. त्यांना बी वाटलं, तो यावा." मग तिने वर बघितलं. "नीट मांडली का?"

काकांनी मान डोलावली नाही. "नाही," ते म्हणाले. "एक राहिलं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत असल्यासारखं मी बोललो. ते तू धरलं नाहीस."

"ते मी धरत न्हाय."

"धरायला हवं," काका म्हणाले, आणि निघून गेले. त्यांची मान डोलली नाही, म्हणून तिचं म्हणणं तिच्यापाशीच राहिलं. त्यानंतर ती कित्येक रविवारी आली, बसली, काही बोलली नाही. काका पुन्हा आले नाहीत. बोंबलांची पुडी ती माझ्याकडे ठेवायची, मी त्यांच्या ओटीवर नेऊन ठेवायचो. आधीची पुडी पुढच्या रविवारीही तिथेच असायची, न उघडलेली. निलेशचे रंगाचे डबे गोडाऊनमध्ये आहेत तसे आहेत. सुगंधाबाई ते नेत नाही आणि मी ते विकत नाही.

पुढे काका खाणंपिणं सोडल्यासारखेच झाले. आम्ही त्यांना अलिबागच्या दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांच्या हातात फार काही उरलं नव्हतं. काका गेले त्याच्या आधीच्या दिवसांतली गोष्ट. मी आणि हसनभाई सकाळी दिघीच्या धक्क्यावर पोचलो, तर फेरीबोटीपाशी सुगंधाबाई उभी, हातात पेजेचा डबा. आगरदांड्याला उतरून गाडीत बसलो, तरी तिने तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

काका पांढऱ्या चादरीत एवढेसे झाले होते. तिला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. ती खाटेजवळ स्टूल ओढून बसली.

"काका, तुमची बाजू परत मांडते. ते राहिलेलं धरून." आणि तिने पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, हळूहळू, एकही गोष्ट न गाळता. शेवटी म्हणाली, "आनि काकांना म्हाईत नव्हतं. तरी ते म्हाईत असल्यावानी बोलले, कारन मी रडवेली उभी होते. आता नीट मांडली का?"

काकांनी मान डोलावली.

"मग आता माझी ऐका." तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "तुमचं चुकलं, काका. म्हाईत नव्हतं तर सांगायचं न्हाय. मी कितीबी रडले तरी सांगायचं न्हाय. माझा एकच होता."

हसनभाई खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता या वेळीही सवयीने 'दोन शक्यता' येतात की काय.

"हो," काका म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र कितीतरी महिन्यांनी सैल पडला होता. सुगंधाबाईने पदराने आधी त्यांचे डोळे पुसले, मग आपले. डबा उघडून पेज वाटीत ओतली, फुंकर घालून निववली आणि त्यांना चमच्याने भरवायला लागली. काकांनी ती सगळी संपवली.