हळदीचा उजेड

हिंगणघाटच्या त्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचे सर येत-जात राहिले, चंद्रभान मात्र सव्वीस वर्षं जागचा हलला नाही. पद प्रयोगशाळा परिचराचं. वडनेरला घरची भाजीची वाडी. सकाळी वांगी तोडून बाजाराला लावायची आणि अकराच्या आत प्रयोगशाळेचं कुलूप काढायचं. पगारात नसलेलं एक काम तो हौसेनं करायचा, लेथवर सुटे भाग घडवायचं. बाजारात मिळत नाही ते चंद्रभानकडे मिळतं, असं सध्याचे विभागप्रमुख चाफले सर पाहुण्यांना सांगत, तेव्हा हा मुद्दाम जवळचीच खिडकी पुसत उभा राही.

सरांच्या हाताखाली अल्लीपूरची वर्षाली पीएचडी करत होती. तिचं काम काचेच्या पट्टीवर वाढवलेल्या पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकांवर. जांभळा प्रकाश टाकला की हे स्फटिक हिरवे उजळतात. प्रकाशाचा जोर वाढवत नेला की त्या पसरट उजेडाची एकदम बारीक, धारदार रेघ होते. तोच लेझर. आयनांचा, म्हणजे वेगानं सोडलेल्या विद्युतभारित अणूंचा मारा केला तर त्या उजेडाचं आणि लेझरचं काय होतं, हे तिला पाहायचं होतं. मारा दिल्लीच्या यंत्रावर झाला. चार पट्ट्यांपैकी एक कोरी ठेवली होती. तीन कमी-जास्त मार खाऊन दसऱ्याच्या तोंडावर परत आल्या.

मोजताना त्या तीन पट्ट्या धरायला चंद्रभाननं ॲल्युमिनियमचा नवा होल्डर घडवला. दसऱ्याला त्यानं लेथ, पाने-पकडी, पंप सगळ्यांना हळदकुंकू लावलं, तसं या नव्या होल्डरलाही लावलं. नव्या वस्तूला कसं वगळायचं? दुसऱ्या दिवशी स्पिरिटनं पुसून लख्ख केला. मोजणी झाली, आणि मार खाल्लेल्या तिन्ही पट्ट्या कोऱ्या पट्टीच्या दुप्पट उजळल्या! कोरी पट्टी आधीच जुन्या होल्डरवर मोजून झाली होती, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. सरांनी पेढे मागवले. लेझरची मोजणी बाकी होती, तरी वर्षालीनं नागपूरच्या परिषदेला नाव देऊन टाकलं.

परिषदेला आठवडा उरला असताना चंद्रभान किरण सरळ करायला रिकामा होल्डर लावून बसला. पट्टी नव्हती, तरी संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखात हिरव्या उजेडाचा उंचवटा आला. त्यानं होल्डर सरकवून पाहिला. दसऱ्याला हळदीची बोटं जिथं टेकवली होती तिथं उंचवटा मोठा. म्हणजे जांभळ्या प्रकाशात हळदही उजळते! स्पिरिटनं ती गेली नव्हती, विरघळून होल्डरभर पसरली होती.

होल्डर भंगारात फेकला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. मे महिन्यात तर तो निवृत्तच होणार होता, आणि सव्वीस वर्षांत त्याच्या नावावर एक चूक नव्हती. पण तो उठला आणि थेट वर्षालीच्या टेबलाशी गेला.

"ताई, तुमचा उजेड खोटा हाये."

"काय बोलून राह्यले भाऊ?"

"म्या होल्डरले हळद लावलती, दसऱ्याची. थेच चमकून राह्यली."

वर्षालीनं स्वतः होल्डर सरकवून पडद्यावर पाहिलं. तिच्या बाबांनी तिच्या यशाची बातमी सांगत सारं अल्लीपूर पालथं घातलं होतं. डोळे पुसत तिनं विचारलं, "तुम्ही चूप राह्यले असते तर कोणाले समजलं असतं? काऊन सांगतलं?"

"होल्डर माह्या हातचा हाये," चंद्रभान म्हणाला. "त्याच्यावर खोटं नाई बसू देत मी."

सर मात्र संतापले. पूजा घरी करायची, इथं नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. चंद्रभाननं जाऊन लेथ सुरू केला.

संध्याकाळपर्यंत दुसरा होल्डर तयार झाला. या खेपेला चारही पट्ट्या त्याच एका होल्डरवर मोजल्या. मार जितका जास्त, उजेड तितका मंद, हे स्पष्ट दिसलं. वर्षालीचा चेहरा उतरला. मग लेझरची पाळी आली. जोर वाढवत नेला, आणि कोरी पट्टी ज्या जोराला लेझर देत होती, जवळपास त्याच जोराला मार खाल्लेल्या दोन पट्ट्यांनीही धारदार रेघ दिली. तिसरीनं दिली नाही. स्फटिक किती मार सोसून लेझर देतात, ते आता खरंखुरं हातात होतं. सर आकडे पुन्हा एकदा तपासून म्हणाले, "चंद्रभान, तूही नागपूरले चाल."

परिषदेत वर्षालीनं हळदीचा आलेखही दाखवला. समोरच्या रांगेतून एका प्राध्यापकांनी विचारलं, रिकामा होल्डर उजळतो हे तुम्हाला कळलं कसं?

"ज्यांनी तो घडवला, त्यांनीच सांगितलं," वर्षाली म्हणाली. "चंद्रभानभाऊ, जरा उभे राहा."

शेवटच्या रांगेतला चंद्रभान उभा राहिला. सगळ्या माना मागे वळल्या आणि टाळ्या सुरू झाल्या. पहिली टाळी चाफले सरांची होती.

घरी बायकोनं, आनंदाबाईनं, ताट वाढता वाढता विचारलं, "काय झालं जी तिथं?"

चंद्रभाननं छाती भरून श्वास घेतला. "सव्वीस वर्षं काम केलं, भर सभेत कोणी नाव नाई घेतलं. आज चुकीपायी नाव निघालं, अन् अख्खा हॉल टाळ्या वाजवून राह्यलता."