चौथा बोल्ट

माझे वडील, आमचे अप्पा, म्हणजे शरणप्पा मिस्त्री. धाराशिवला बार्शीच्या रस्त्यावर त्यांचं लॉऱ्या दुरुस्त करायचं पत्र्याचं शेड होतं आणि शेडला लागूनच आमचं घर. निजामाचं राज्य. अख्ख्या जिल्ह्यातल्या लॉऱ्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच, आणि त्यातल्या निम्म्या अप्पांच्या हाताखालून गेलेल्या. अप्पा शाळेची पायरी चढले नव्हते. सोलापुरात एका उस्तादाकडं सहा वर्षं राबून त्यांनी ही विद्या मिळवली होती.

कामात ते इतके काटेकोर होते, की गिऱ्हाईक वैतागून जायचं. उस्तादानं त्यांना एक सवय लावली होती. ज्यानं बोल्ट कसला त्यानं तो तपासायचा नाही. दुसऱ्यानं लहान हातोडीनं डोक्यावर टिचकी मारून कान द्यायचा. धड बोल्ट खणखणीत वाजतो, मोडका भद्द वाजतो. अप्पांनी कसलेले बोल्ट माझा मामा वाजवायचा, मामानं कसलेले अप्पा. लॉरीचा मालक घाईनं पाय आपटत असला तरी हे व्हायचंच.

मामा म्हणजे रेवणसिद्ध, अव्वाचा, माझ्या आईचा, एकुलता एक भाऊ. आई-बाप प्लेगात गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. अप्पांनी त्याला घरी आणलं, वाढवलं, पाना कसा धरायचा इथपासून सगळं शिकवलं. अप्पांना मुलगा नव्हता, ती जागा मामाची होती. घरात दुधावरची साय त्याच्या वाटीत पडायची. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शेहेचाळीस साल असेल. मी बाळंतपणाला माहेरी आले होते, मूल दीड महिन्याचं होतं. कल्याणप्पा नावाचे शेंगांचे व्यापारी होते. त्यांची लढाईतून मोडीत निघालेली लष्करी लॉरी क्लचच्या कामाला आली. क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवायचा, आणि काम झालं की पुन्हा इंजिनाच्या पाठीला चार बोल्टांनी जखडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी शेंगा घेऊन बार्शीला निघायची होती. करोडगिरी नाक्यावरून माल निजामाच्या हद्दीबाहेर न्यायचं परमिट त्या एका दिवसापुरतंच होतं.

दुपारी गिअरबॉक्स वर चढला. अप्पांनी तीन बोल्ट कसले, मामानं ते वाजवले. तेवढ्यात तेरहून निरोप आला, की अप्पांची थोरली बहीण चन्नम्मा पडली आहे, ताबडतोब या. चौथा बोल्ट मामावर सोपवून अप्पा गेले. आत्याचा पाय नुसता मुरगळला होता. दिवेलागणीला ते परत आले, तर मामा हात धुऊन ओट्यावर बसलेला. अप्पांनी खुंटीवरची हातोडी काढली आणि लॉरीकडं निघाले.

मामा उठला. म्हणाला, दमून आलात, आधी जेवा. अप्पा थांबले नाहीत. तेव्हा त्यानं गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर हात ठेवला. "लिंगावर हात हाय माझा, दाजी. चारी धड हायत."

आमच्या लिंगायतांत एकदा माणसानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगितलं, की पुढं तपासणी नसते. तपासणं म्हणजे त्या माणसाला नव्हे, लिंगालाच खोटं ठरवणं. अप्पांनी हातोडी परत खुंटीला लावली. उस्तादाची सवय त्यांनी उभ्या जन्मात त्या एकाच वेळी मोडली. मी मुलाला घेऊन दारातच बसले होते, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

लॉरी सकाळी गेली. येडशीच्या उतारावर गिअरबॉक्स एका अंगानं लोंबला, उरलेले बोल्ट एकामागून एक तुटले आणि शाफ्ट रस्त्यावर आपटला. नुसत्या ब्रेकवर ती जड लॉरी थांबेना. तेरचा लिंबाजी चालवत होता. दरीत जाण्याऐवजी त्यानं ती डाव्या अंगाच्या दगडी बांधावर घातली. माणूस वाचला, पण दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

गावात एकच बोलणं सुरू झालं, की शरणप्पाचा बोल्ट तुटला. ज्यांनी वीस वर्षं त्यांच्या हाताची तारीफ केली, त्यांनाच आता अप्पांचं वय झालेलं दिसू लागलं. अप्पांचं जेवण सुटलं. आपल्या हातचा बोल्ट तुटतोच कसा, हे त्यांना कळेना. वीस वर्षांत कमावलेलं नाव हीच त्यांची इस्टेट होती, आणि ती चार दिवसांत संपत चालली होती. शेवटी ते कल्याणप्पांकडं गेले आणि म्हणाले, तुमच्यासमोर तुकडे काढतो, दोष माझा निघाला तर पाना खाली ठेवीन.

बैलजोड्या लावून लॉरी शेडसमोर ओढून आणली. कल्याणप्पा आले, रस्त्यावरची दहा-बारा माणसं जमली, अव्वा दारात उभी राहिली. मामा हत्यारं द्यायला बसला. तीन बोल्टांचे तुकडे बाहेर डोकावत होते, ते पकडीत धरून निघाले. तिन्हींची मोड ताजी, पांढरी, चकाकणारी होती.

चौथा खोल आत मोडला होता. अप्पांनी त्यात घासलेट सोडलं, हाताच्या गिरमिटानं मधोमध भोक पाडलं, चौकोनी घासलेलं पोलाद त्या भोकात ठोकलं आणि उलटं फिरवायला लागले. तास गेला. घाई केली तर पोलादही आत मोडतं, म्हणून पाव वळसा पुढं, पाव मागं. तुकडा तळहातावर आला तेव्हा त्याच्या तोंडाला काळं, वाळलेलं डांबर होतं.

मिस्त्री नसलेल्यालाही ते समजलं असतं. डांबर आत लागतं ते बोल्ट आधीच मोडलेला असेल तर. मामानं पान्याला लांब पाइप लावून बोल्ट कसला होता आणि तो आत मोडला होता. तुकडा काढायचा तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला हवा, सगळा दिवस गेला असता. त्यानं मोडलेलं डोकं डांबरानं जागेवर चिकटवलं. लॉरी तीन बोल्टांवर गेली.

अप्पांनी मामाकडं पाहिलं. मामा पकडीकडं बघत होता. कल्याणप्पांनी विचारलं, या बोल्टाला शेवटचा हात कुणाचा?

"दाजींचाच," मामा म्हणाला. "चारी त्येंनीच कसले."

माझ्या अंगाची आग झाली. मी ओरडणारच होते, पण अप्पांनी मला हातानं गप्प केलं. ते दाराकडं बघत होते. अव्वानं पदर तोंडात धरला होता. तुकडा त्यांनी मुठीत मिटला आणि म्हणाले, "शेड माझं, बोल्ट माझा." कल्याणप्पा मान हलवून निघून गेले. माणसं पांगली. मामा हत्यारं तशीच टाकून गावाकडं चालता झाला.

अप्पा आत आले, भिंतीला टेकून बसले. अव्वानं पाणी दिलं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या भावाला झाकलं म्या. लिंगावर हात ठिवून खोटं बोलला त्यो. तुला वाईट वाटंल, पण तुला तरी सांगितलं पायजे."

"मला ठावं हुतं," अव्वा म्हणाली.

अप्पांना कळलंच नाही. त्यांनी विचारलं, कधीपासून. मग ती सगळं बोलली. लॉरी गेली त्याच्या आदल्या रात्री, अप्पा झोपल्यावर, मामानं तिला सांगितलं होतं. म्हणाला होता, परमिट वाया जाईल, तीन बोल्ट घट्ट आहेत, लॉरी परत आली की गुपचूप काढतो. आणि अप्पा सकाळी लॉरीभोवती फिरत असताना अव्वानं त्यांना चहाला आत बोलावून घेतलं होतं.

"माझा एकच भाऊ हाय," ती म्हणाली. "तुमी हाकलून दिलं असतं त्याला."

अप्पांनी मुठीतला तुकडा जमिनीवर ठेवला.

"दिलं असतं," ते म्हणाले. "आन लिंबाजी आज चालत असता."

मामा हैदराबादेकडं गेला, परत आला नाही. मला त्याचा राग अजून येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. अव्वावर मात्र रागावता येत नव्हतं आणि माफही करता येत नव्हतं. अप्पांचंही तसंच झालं असावं. शेड बंद पडलं. अप्पा नांगराचे बोथट फाळ शेवटायला, म्हणजे तापवून ठोकून धार लावून द्यायला लागले. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, रस्त्यावर नव्या लॉऱ्या धावू लागल्या, पण एकही आमच्या दाराशी थांबली नाही.

अव्वाला ते कधी टाकून बोलले नाहीत. तिच्या हातचं जेवायचे, सणाला लुगडं आणायचे. मी माहेरी गेले की रोज बघायची. अंथरुणं पडली की अव्वा सांगायची, दाराला कडी लावली. अप्पा हूं म्हणायचे. मग उठायचे, अंधारात दारापर्यंत जायचे आणि कडी हातानं ओढून बघायचे. अव्वा तोवर भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची.