मिस्त्रींचा नकार

आमचे मिस्त्री जुनी गाडी आधी नाकानं पाहायचे. दार उघडायचं, पायाखालची चटई उचलायची आणि गुडघे टेकून आत डोकं घालायचं. बाहेर मालक टायर, इंजिन, अ‍ॅव्हरेज असं पाठ केल्यासारखं सांगत असे. मिस्त्रींचं तिकडे लक्षच नसे. "माणूस खोटं बोलते सर, वास नाई बोलत," असं त्यांचं म्हणणं. दर्यापुरात कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नेत असे.

गाडी पसंत पडली तर ते बोनेटवर हात ठेवून "घेऊन टाका" म्हणायचे. नाही पडली तर "चाला, चहा घेऊ." बस, एवढंच. विकणाऱ्यासमोर त्याच्या गाडीला नावं ठेवलेली मी कधी ऐकली नाहीत. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "पोरगी पाह्याले गेलं त तिथंच नाई म्हन्ते का कोनी? घरी येऊन निरोप धाडते." त्या चहाचा अर्थ सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. विकणाऱ्यालाही कळायचं, पण चारचौघांत त्याची शोभा होत नसे.

यात नातंगोतंही आडवं येत नसे. सख्ख्या मेव्हण्याची जीप पाहायला गिऱ्हाईक त्यांनाच घेऊन गेलं, तेव्हाही मिस्त्री चहाला उठले. पुढे आठवडाभर वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मिस्त्री म्हणाले, "बायको बोलंन आज ना उद्या. गाडी बंद पडली त लोक जन्मभर बोलतीन."

अशा माणसाला मी अमरावतीला नेलं. बायकोची बदली तिथे झाली होती आणि रोजच्या एस.टी.नं ती मेटाकुटीला आली होती, म्हणून गाडी हवी होती. शोरूम काचेचं, थंडगार. गाड्या जुन्याच, पण प्रत्येकीच्या काचेवर 'सर्टिफाइड' असा बिल्ला. मिस्त्रींनी चपला दाराबाहेर काढल्या. टायवाल्या पोरानं त्यांची काळी नखं पाहिली आणि मला म्हणाला, "सर, बाहेरचे मेकॅनिक आमच्याकडे अलाउड नाहीत. सगळं तपासूनच सर्टिफिकेट देतो आम्ही." मला मिस्त्रींची लाज वाटली. हे लिहितानाही हात जड होतो, पण वाटली.

"बसून त पाहू द्या," मिस्त्री म्हणाले. बसले आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी आत गुंडाळलेला असतो त्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ होती. कुठल्यातरी पुरात ती गाडी बुडून आली होती. त्यांनी पट्टा हळूच सोडला, खाली उतरले आणि म्हणाले, "सर, चाला, चहा घेऊ."

"काका, चहा इथंच मागवतो ना!" पोरगं हसलं. मीही हसलो. म्हणालो, "मिस्त्री, कंपनीचा कागद आहे. आता काळ बदलला." आणि सही केली. मिस्त्री बाहेर गेले, चपला घातल्या आणि एस.टी.नं परत गेले. मी हार घातलेल्या गाडीसमोर फोटो काढून घेतला.

सहा महिन्यांत गाडीनं गुण दाखवले. वलगावजवळ भर दुपारी ती बंद पडली, काचा खाली होईनात, आणि बायको आत घामानं न्हाली. शोरूमवाल्यांनी हात वर केले: पाणी लागलेलं वॉरंटीत बसत नाही. पाणी लागलेलं नाही, असं त्यांच्याच कागदावर छापलेलं होतं! शेवटी गाडी मिस्त्रींच्याच दारात आली. त्यांनी गाडीतला गालिचा उचकटला, गंजलेल्या वायरी एकेक करून बदलल्या. 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दानंही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

माझा खरा गुन्हा यानंतरचा. गावात कुणी विचारलं की मी सांगायचो, "गाडी? एकदम मस्त." कॉलेजात शिकवणारा माणूस, फसलो असं कोणत्या तोंडानं सांगणार? लोकांनी एवढंच धरलं की सरांनीसुद्धा मिस्त्रीला बाजूला ठेवून कागद पाहिला. मग सगळेच कागद पाहू लागले. खरं बोललो असतो तर माझं थोडं हसं झालं असतं आणि त्यांचा शब्द टिकला असता.

गेल्या वर्षी त्यांनी गॅरेजचा गाळा रिकामा केला. मुलाकडे अकोल्याला निघाले होते. मी गेलो तेव्हा टेम्पोत पाने, जॅक, सगळं चढलं होतं.

"कावून जाता, मिस्त्री?"

"गाडी दाखवाले कोनी येत नाई आता. पयले तुमी थांबले, मंग गाव थांबलं." आवाजात राग नव्हता. पुसून पुसून हात कोरडे झाले तरी ते फडक्याला पुसतच होते. मग म्हणाले, "एक इचारू? त्या दिवशी अमरावतीले तुमाले समजलं होतं का नाई?"

मी मान खाली घातली. "समजलं होतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले.

"मंग ठीक हाय," मिस्त्री म्हणाले. "इतके दिवस मले वाटून राह्यलं होतं, माह्याच सांगन्यात काई चुकलं."