घोडागाड्यांचं पॅरिस

सागाच्या ताज्या भुशाचा वास आला की पांढरकवड्यातल्या आमच्या फ्रेमच्या दुकानातली एक दुपार आठवते. तेव्हा एका फ्रेंच चित्रकाराचं छापील चित्र फार खपायचं: पावसात ओला झालेला पॅरिसचा रस्ता, दुकानांचे पिवळे दिवे आणि घोडागाड्या. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "शहरात मोटारी आल्या, तरी हा घोडेच काढत राह्यला. लोकायले तेच पाह्यजे होते, हातोहात विकून जाये." नवीन घरासाठी चित्र घ्यायला आलेल्या एका नर्सबाईंनी ते ऐकून विचारलं, "मंग भाऊ, त्याले सोताले काय काढावंसं वाटे?" बाबाही तरुणपणी चित्रं काढायचे, पुढे दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता ते सुटलं होतं. हातातली लाकडी पट्टी त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "मालूम नाही, बाई. कोनी विचारलंच नसन." बाई चित्र घेऊन गेल्या. त्या रविवारी बाबांनी दुकान उघडलं नाही. बाहेर खुर्ची टाकून त्यांनी समोरचा हायवे काढला, धुळीसकट आणि रांगेतल्या ट्रकांसकट. आता दुकानात मी बसते. पॅरिस अजूनही खपतं. तो हायवे कोणी मागत नाही, आणि मागितला तरी मी देणार नाही.