वापस का उसने?

उसने देणारा माणूस घेणाऱ्याला पाहून पळतो, असं कुठं ऐकलंय का? आमचा शेजारी मुखरू पळायचा.

नागभीडजवळच्या आमच्या गावात मुखरू आणि इस्तारी वीस वर्षं तलावात जोडीनं मासे धरत. ओढायचं मोठं जाळं एकट्याच्या हातचं नाही. एक टोक याच्याकडे, एक त्याच्याकडे. दोन वर्षांपूर्वी इस्तारीनं पोरीच्या कॉलेजच्या फीसाठी मुखरूकडून चार हजार घेतले. "धान निघालं का देतो," म्हणाला. धान दोनदा निघालं, पैसे काही निघाले नाहीत. इस्तारी लाजेनं तोंड चुकवू लागला, तलावावर यायचाच बंद झाला. जाळं मुखरूच्या छपरीत लटकून राहिलं आणि उंदरांनी त्यात बाळंतपणं उरकली.

मुखरूला पैशाचं दुःख नव्हतं, जोडीदार गेल्याचं होतं. दुसऱ्या कोणाला घे म्हटलं की अंगावर यायचा. मग या शहाण्यानं काय करावं? इस्तारीला गावात मोकळं फिरता यावं म्हणून स्वतःच लपू लागला. चौकात शिरण्याआधी मोठ्यानं खोकायचा, म्हणजे इस्तारीला सटकायला वेळ मिळावा. बायको आशाबाई कपाळाला हात लावायची. "पैसे आपले, अन् चोरावानी तुमी फिरता!"

एका सकाळी हा इस्तारीला टाळायला तलावाच्या पाळीमागून निघाला. इस्तारीही याला टाळायला तिकडूनच येत होता. बेशरमाच्या झुडपांत दोघं लाजाळू समोरासमोर! मुखरू गडबडला आणि मनात दोन वर्षं घोळत होतं तेच तोंडातून निघालं, "चार हजार पायजे होते."

इस्तारीचं तोंड एवढंसं झालं. "वापस का उसने?" त्यानं खाली पाहत विचारलं.

मुखरूला ते पाहवेना. "उसने रे," तो म्हणाला. "तुले नाई मांगीन त कोणाले मांगीन?"

इस्तारी ताठ झाला. आपल्याकडे कोणी उसने मागतं! स्वतःचं देणं फेडायला ज्यानं कधी सासरी तोंड उघडलं नव्हतं, तो दुपारच्या गाडीनं कुरखेड्याला गेला, साळ्यापुढे हात पसरला आणि दुसऱ्या दिवशी चार हजार मुखरूच्या हातावर ठेवले. वर म्हणाला, "सावकाश दे. घाई नाई."

आशाबाई हरखली. "चला, फिटलं एकदाचं!"

"काय फिटलं?" मुखरू खेकसला. "त्याचे मले द्याचे हायेत. अन् माहे त्याच्याकडं हायेत ते हायेतच."

मी हिशोब समजवायला गेलो, तर माझ्यावरच उलटला. "फिटंफाट वेगळे होनारे लोक करतेत." मला राग आला. आणि खरं सांगतो, हेवाही वाटला. माझ्यासाठी साळ्यापुढे हात पसरेल असा माझा एक मित्र नाही.

आठवड्यानं दोघं कंबरभर पाण्यात जाळं ओढत होते. मधेच इस्तारी ओरडला, "मुखरू, माहे पैसे कधी देशीन?"

"तू माहे देशीन तवा!"

दोघं खो खो हसले. तेवढ्यात पाळीवरून आशाबाईनं हाक मारली, "इस्तारीभाऊ, कुरखेड्याहून तुमचा साळा आला! पैसे मांगून राह्यला!"

दोघांनी आपापलं टोक सोडलं आणि पळाले. दोघंही एकाच बाजूला.