खंडेनवमीचा वस्तरा

हळद कशाला लावावी आणि कशाला लावू नये, याबद्दल सांगलीत सहसा कुणाला शंका नसे. शंका होती ती पेठेच्या तोंडाशी दुकान मांडून बसलेल्या एकट्या कृष्णात न्हाव्याला, आणि तीही वर्षातून एकदाच.

दुकानात खुर्ची एक, आरसा एक, कामाचा वस्तरा एक. वस्तरा परदेशी पोलादाचा. मानसिंग सुभेदारांनी तो लढाईवरून आणला, कृष्णाताला देऊन टाकला, आणि दिलेल्या वस्तूची रोज तपासणी करण्याचा हक्क मात्र स्वतःकडे ठेवला. कृष्णातही जपायचा. दाढी झाली की पातं कोरडं पुसायचं, दुकान बंद करताना खोबरेलाचं बोट फिरवायचं, आणि पेटीत दमट कोंडायचं नाही.

एवढं जपलेलं पातं खंडेनवमीला बायकोच्या ताब्यात जाई. हरणाबाई त्यावर ओलं हळदकुंकू लावी, वर अर्धं लिंबू ठेवी, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला कुणी शिवायचं नाही. सकाळी पात्यावर ढगासारखा काळा डाग. मग दिवाळीपर्यंत कृष्णात चाळलेली राख तेलात कालवून, चिंधीनं, धारेला सांभाळून घासत बसे. डाग जाई, खाली बारीक खड्डे राहत. ते दरवर्षी धारेकडे सरकत होते.

"अगं, मुठीला लाव की कुंकू! पात्यालाच कशाला?"

"तुमाला पाठीला लावू का? आवं, कुंकू कपाळालाच लावत्यात."

एका वर्षी त्यानं पाटावर मोडका वस्तरा ठेवून पाहिला. हरणाबाईनं तो उचलून बाहेर टाकला. "पोट कुणी भरलं? यानं? मग जेवाय ह्यो कसा बसला?"

कृष्णातानं कामाचा वस्तरा आणून पाटावर ठेवला.

सहासष्ट साली मात्र सुभेदारांनी निर्वाणीचं सांगितलं. "कृष्णात, गड्या, पलटणीत असल्या हत्याराबद्दल शिक्षा हुती. यंदा दसऱ्याला डाग दिसला तर मी घरी दाढीला पत्तीचं यंत्र आणतो. आन् मी आणलं की आख्खी गल्ली आणंल." ते खरं होतं. सुभेदारांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, तरी गल्लीतले पुरुष लावत.

कृष्णातानं आठवडाभर डोकं चालवलं. नवमीला तो हरणाबाईला म्हणाला, "लिंबू आंबट. वर्सभर राबल्याला तूप वाढावं का आंबट?"

नैवेद्याला तूप नको म्हणायची सोय हरणाबाईकडे नव्हती. पात्यावर तुपाचा जाड थर बसला, हळदकुंकू त्यावर कोरडंच पडलं, लिंबू ताटलीत गेलं. वाटीत थोडं तूप उरलं. वाया कशाला घालवायचं, म्हणून कृष्णातानं ते धार लावायच्या चामडी पट्ट्याला चोळलं. पट्टाही मऊ राहील, असा हिशोब.

दसऱ्याला पातं पुसलं. स्वच्छ! आरशापेक्षा बरं. कृष्णात इतका खूश झाला की सुभेदारांच्या गालाला साबण लावून होईपर्यंत त्यानं पट्ट्याकडे पाहिलंच नाही. मग हात लांब केला. खिळ्याला चामड्याचं टिचभर टोक लोंबत होतं. बाकीचा पट्टा उंदरांनी तुपासकट संपवला होता.

"काय झालं रं?" फेसातून सुभेदार.

"उंदरांनी दसरा केला, सुभेदार! पट्टा खाल्ला. धार कशावर लावू, माझ्या कपाळावर?"

सुभेदार उठले. त्यांनी पलटणीतला कमरेचा पट्टा सोडला, एक टोक खिडकीच्या गजाला अडकवलं आणि दुसरं कृष्णाताच्या हातात दिलं. धार लागेपर्यंत आणि पुढं दाढी संपेपर्यंत दोन्ही हातांनी त्यांनी विजार धरली होती. त्यामुळे तपासणीसाठी वस्तरा हातात घेणं त्यांना जमलं नाही.

"सुभेदार, पातं बगा की! एक डाग न्हाई."

"आधी माझा पट्टा दे."

पट्टा आवळून ते निघून गेले. यंत्राचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि पात्याबद्दल शब्दही बोलले नाहीत.

कृष्णात घरी आला आणि त्यानं चिडून सगळं सांगितलं. हरणाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पट्ट्याला हळदकुंकू लावलं हुतं का?"

"न्हाई."

"मग? उंदीर खाणारच की."