खराट्यानं पेरलेलं शेवाळ

पावसाळ्याआधी पाण्याच्या पाइपसाठी आमच्या परसात चर खणला आणि लगेच बुजवलाही. त्या उकरलेल्या तांबड्या मातीत गवत यायला अजून तयार नव्हतं, तोवर शेवाळानं तिथं हातपाय पसरले.

आई रोज सकाळी त्याच वाटेनं जास्वंदीची फुलं काढायला जाते, आणि मागच्या वर्षी पाय मोडल्यापासून काठी टेकत जाते. ती घसरेल म्हणून माझ्या बायकोनं, शैलानं, शेवाळ खरवडलं आणि खराट्यानं झाडून टाकलं. काही आठवड्यांनी पाहतो तर खराटा जिथं जिथं फिरला होता, तिथं त्याच्या फटकाऱ्यांच्या हिरव्या कमानी उमटलेल्या.

"तूच पेरलंस की गं!" मी म्हणालो.

"मग काय आता, माफी मागू त्याची?" शैला फणकारली.

मी उकिडवा बसून बघत राहिलो. बी नाही, धड मूळ नाही, तरी चुऱ्यातल्या कणाकणाला नवा कोंब फुटलेला. आपण तुकडा आहोत हे त्याला कळतच नसेल का? की कळत असेल, आणि तेवढ्यावर त्याचं भागत असेल?

"राहू दे ते," मागून आई म्हणाली. "मी कडेनं जाईन."

परवा मी तिच्या मागोमाग गेलो. कडेच्या ओल्या मातीत तिच्या काठीनं गोल खळगे पडले होते, आणि जुन्या खळग्यांत शेवाळ धरलं होतं. पायरीपासून जास्वंदीपर्यंत, पाय मोडूनही आई चालत राहिली त्याचा माग हिरवा झाला होता.